चार हद्दींची चूल

मी एक चूल आहे आणि माझ्याभोवती घर नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणी "घर कुठाय?" म्हणून विचारायला नको. डाकोटाच्या उघड्या माळावर, चार शेतांच्या बरोबर मध्ये मी उभी आहे. चार दिशांनी चार कुंपणं येतात आणि माझ्या चार बाजूंना टेकून थांबतात. नवखा माणूस इथून गेला की गाडी थांबवतो, टोपी मागे सारतो आणि घोड्याला विचारतो, "हे काय रे?" घोड्याला माहीत नसतं. म्हणून मलाच बोलावं लागतं.

माझा जन्म ट्रॉयचा, न्यूयॉर्ककडचा. तिथल्या ओतशाळेत लोखंडाचा रस वाळूच्या साच्यात ओतला आणि मी झाले. माझ्या भट्टीच्या दारावर पावाची टोपली घेतलेला एक देवदूत आहे. ओतताना साचा जरा सरकला, त्यामुळे देवदूताला नाक नाही. बाकी मी देखणी होते. नक्षीचे चार पाय, वर चार तोंडं, त्यांवर चार गोल झाकणं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, कारण सगळं रामायण तिथूनच घडलं. माझा जाळ डाव्या अंगाला आहे. डावीकडची दोन तोंडं रसरशीत तापतात आणि उजवीकडची दोन म्हणजे निव्वळ वैल. तिथे सकाळी टाकलेला घेवडा दुपारपर्यंत मऊ शिजेल, पण कॉफीला उकळी फुटेल म्हणाल तर नाव काढू नका.

ओहायोच्या एका बाईंनी मला आपल्या भाच्याला दिलं, जवळजवळ आंदण दिल्यासारखं. भाचा म्हणजे लायमन पर्डी. उंच, लाल कानांचा, दोन शब्द बोलायला चार वेळा खाकरणारा. रूळ संपेपर्यंत आगगाडीने आणि पुढे बैलगाडीने त्याने मला माळावर आणलं. पाहते तर काय, झाड नाही, दगड नाही, गवताशिवाय काही नाही. मनात म्हटलं, चुलीला इथे जाळायला देणार काय? पण चुलीला कोण विचारतो!

त्या वेळी सरकारचा कायदा असा होता, की एकशेसाठ एकर माळ घ्या, त्यावर घर बांधा, पाच वर्षं तिथेच राहा, तिथेच शिजवा, तिथेच झोपा. मग कचेरीत जाऊन शपथेवर तसं सांगा आणि जमीन तुमची. बाईलाही मिळे, पण ती एकटी असली तरच. अडचण एकच होती. माळावर झाड नाही तर घराला लाकूड कुठून आणायचं? एकाच्या लाकडात एक भिंत उभी राहायची.

तेव्हा शेजारच्या चौघांनी डोकं चालवलं. चौघांच्या जमिनी जिथे एकमेकींना भिडत होत्या, तिथे सरकारी मोजणीदारांनी ओकची एक खुंटी ठोकली होती. या शहाण्यांनी ती खुंटी मध्ये धरून तिच्याभोवती एकच घर बांधलं. घराचा एकेक कोपरा एकेकाच्या जमिनीत. चार कोपरे, चार पलंग, चार खिडक्या आणि चार दारं. स्वतःचं दार नसेल तर ते स्वतःचं घर कसलं? एवढ्याशा खोलीला चार दारं, म्हणजे वारा कुठूनही आला तरी त्याचं स्वागतच. मातीच्या भुईवर चुन्याच्या दोन रेघा आखल्या आणि रेघा जिथे छेदत होत्या, त्या खुंटीवर मला उभं केलं. खुंटी माझ्या पोटाखाली आणि माझं एकेक तोंड एकेकाच्या जमिनीवर. अशी मी चौघांची झाले.

लायमनच्या वाट्याला जाळावरचं एक तोंड आलं. जाळावरचं दुसरं ओबेड विगिनचं. ओबेड हा लढाईत एक पाय गमावलेला म्हातारा, लाकडी पायावर टकटक करत चालणारा. त्याच्यासमोरचं वैलाचं तोंड त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाचं, हायरमचं. हे दोघे व्हरमाँटहून एकाच गाडीतून आले, पण एकमेकांशी बोलत नव्हते. घरच्या खेचराचा जीव कुणावर जास्त होता, यावरून वाजलं होतं. खेचर कधीच मेलं होतं, पण अबोला जिवंत होता.

आणि उरलेलं वैलाचं तोंड, लायमनच्या शेजारचं, टोराचं.

टोरा नॉर्वेची. रुंद खांद्यांची, पूर्वी शाळेत शिकवणारी, देवाला आणि शपथेला भिणारी. तिच्या वाट्याची जमीन चौघांत सरस होती, कारण तिच्यात गोड्या पाण्याचा झरा होता. तिला दोनच गोष्टी हव्या होत्या, स्वतःच्या नावाची जमीन आणि उकळती कॉफी. मी तिला पहिलीसाठी उभं राहायला जागा दिली आणि दुसरीपासून वंचित ठेवलं.

"टोरा, ते भांडं इकडे ठेव ना, माझ्या झाकणावर," लायमन पहिल्याच सकाळी म्हणाला. "दोन मिनिटांत उकळेल."

"ते झाकण तुमच्या जमिनीत आहे."

"वीतभर तर पलीकडे!"

"वीतभर असो नाहीतर कोसभर. पाच वर्षांनी मला बायबलवर हात ठेवून सांगायचंय, की मी माझ्या जमिनीवर शिजवलं. हात थरथरायला नको माझा."

आणि तिने कोमट कॉफी घेतली. तोंड वाकडं केलं, पण घेतली. दुसऱ्या दिवशीही तेच. माझ्याच डोक्यावर हे चाललेलं, आणि मी जाळ उजवीकडे लोटायचा कितीही आटापिटा केला, तरी ओतीव लोखंडाला कुठे कूस बदलता येते?

बघता बघता हा नेम सगळ्यांनाच लागला. दुसऱ्याच्या कोपऱ्यात जायचं तर परगावी जावं तसं. रेघेपाशी थांबायचं, टोपी काढायची, "येऊ का?" म्हणायचं. मिठाची वाटी रेघेवरून हाती द्यायची. भावाभावांची बोलणी माझ्यामार्फत चालत.

"ए चुली," हायरम माझ्याकडे बघून म्हणे, "त्या माणसाला सांग, त्याचं डुकराचं मांस करपतंय."

"चुली," ओबेड म्हणे, "त्या माणसाला सांग, ज्याचं काहीच तापत नाही त्याने करपण्याची काळजी करू नये."

मी कुणालाच काही सांगत नसे. तरी निरोप पोचत.

लायमन आणि टोराचं जुळलं ते मला त्यांच्या आधी कळलं. संध्याकाळी दोघं आपापल्या जमिनीवर स्टूल टाकून बसत आणि मध्ये रेघेवर हातात हात. एकदा लायमन चार वेळा खाकरला आणि म्हणाला, "लग्न करशील माझ्याशी?"

"करीन. पाच वर्षं भरली की."

"एवढं थांबायचं?"

"नवरा-बायकोला दोन घरं कशी, म्हणून कचेरीवाले विचारतील. एक जमीन सोड म्हणतील. आणि सोडायची वेळ आली, की ती बायकोनेच सोडायची असते, हे तुम्हाला ठाऊक आहे."

लायमनचे कान आणखी लाल झाले. पण हात त्याने सोडला नाही.

चौथ्या हिवाळ्यात ते वादळ आलं. सकाळ अशी उबदार होती, की ओबेड सदऱ्याच्या बाह्या सारून दारात बसला होता. बघता बघता बर्फाची भिंतच अंगावर आली आणि समोरचा हात दिसेना. आम्ही गवत पिळून त्याचे घट्ट वेढे जाळत असू. घरातले वेढे भराभर संपले. गंजी बाहेर, पन्नास पावलांवर. लायमनने कमरेला दोर बांधला आणि तो गेला. थोड्या वेळाने टोराने दोर ओढला, तर नुसता दोर हाती आला. गाठ सुटलेली.

टोरा किंचाळली नाही. तिने लोखंडी डाव उचलला आणि तो माझ्या कडेवर घालायला सुरुवात केली. ठण्ण, ठण्ण, ठण्ण! माझ्या कडेचा एक टवका उडाला, तिच्या तळहाताची सालटी निघाली, पण ती थांबेना. त्या आवाजाच्या रोखाने लायमन रांगत आला. पण तो आला कुठल्या दारातून? हायरमच्या! आणि वर, उंबऱ्यावर पडल्या पडल्या, विचारतो, "हायरमकाका, येऊ का?"

"ये बाबा, ये," हायरम रडत म्हणाला.

गवत आलंच नव्हतं. लायमनचे ओठ निळे पडलेले आणि माझ्या पोटात निखारे मावळत चाललेले. मग चौघांच्या घरातलं एकेक लाकूड माझ्यात यायला लागलं. स्टुलं आली, टेबल आलं, पलंगाच्या फळ्या आल्या. ते सरलं तेव्हा ओबेडने पट्टा सोडला आणि आपला लाकडी पाय पुढे केला.

"चुली, त्या माणसाला सांग," हायरम घाईने म्हणाला, "पाय असू दे. मी माझ्या कोटाची बटणं देतो, लाकडी आहेत."

"चुली, त्या माणसाला सांग, बटणांनी कुणी उबेला येत नाही," ओबेड म्हणाला. पाय चांगला वाळलेला होता. छान जळला.

पण वादळ काही हटेना. लायमनचा श्वास बारीक झाला. टोराने घरभर नजर फिरवली. मग ती गुडघ्यांवर बसली, माझ्या पोटाखाली हात घातला आणि ती सरकारी खुंटी हलवू लागली.

"टोराबाई!" ओबेड ओरडला. "अहो, तीच तर तुमची जमीन! ती गेली तर तुमचा कोपरा कुठून धरायचा?"

"गप्प बसा," टोरा म्हणाली. खुंटी उपटली आणि माझ्यात टाकली. मग लायमनचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाली, "जागा राहा, लायमन. ऐकतोस ना? जागा राहा." त्या दिवशी पहिल्यांदा ती त्याला अरे-तुरे करत होती.

ओकचं लाकूड चिवट. मी ते पुरवून पुरवून जाळलं. ज्याच्या जोरावर या चार माणसांचं सगळं उभं होतं ते माझ्या पोटात राख होत होतं, हे मला कळत होतं. उजाडताना वारा पडला. लायमनने डोळे उघडले आणि तो खाकरला. तेव्हा मी निश्चिंत झाले.

ही गोष्ट गुपित राहिली असती. पण हायरमने बैलगाडीच्या जुन्या दांड्याचा एक नवा पाय कोरून, काही न बोलता, रात्री रेघेपलीकडे सरकवून ठेवला, आणि ओबेडला तो घालून गावात मिरवावंसं वाटलं. गुत्त्यात त्याने जळालेल्या पायाची गोष्ट सांगितली. गोष्ट रंगली. रंगलेल्या गोष्टीला शेपूट हवं, म्हणून त्याने खुंटीचीही सांगितली. ऐकणाऱ्यांत मेजर टिल्सन होता. हा मेजर कुठल्या पलटणीचा ते कुणी विचारू नये. त्याचा डोळा टोराच्या झऱ्यावर होता. त्याने कचेरीत तक्रार ठोकली, की ही बाई स्वतःच्या जमिनीवर राहतच नाही, सगळं घर शेजाऱ्यांच्या हद्दीत आहे, आणि नसेल तर तिने खुंटी दाखवावी.

पाचवं वर्ष भरत आलं होतं, आणि नेमकं तेव्हाच कचेरीचे पेटिंगिल साहेब मेजरला घेऊन दारात उभे राहिले. म्हणजे चारांपैकी कुठल्या दारात उभं राहावं, ते ठरवत घराला एक चक्कर मारून मग उभे राहिले.

"खुंटी कुठाय?" साहेबांनी विचारलं.

लायमन चार वेळा खाकरला. "साहेब, ती... उंदरांनी..."

"लायमन, गप," टोरा म्हणाली. "मी जाळली, साहेब. हा मरत होता म्हणून."

"घ्या!" मेजर आनंदला. "सरकारी खुंटी जाळली! स्वतःच्या तोंडाने कबूल!"

"होती कुठे?" साहेब म्हणाले.

चौघांनी माझ्याकडे बोट केलं.

"चूल काय, कालही सरकवली असेल," मेजर म्हणाला. "चुलीला पाय असतात, साहेब."

हे मात्र मला लागलं. मला पाय आहेत, पण मी काही त्यातली नव्हे.

साहेब कपाळ चोळत राहिले. टोरा पांढरी पडली होती. पाच वर्षं तिची किटली रेघेपलीकडे गेली नव्हती, आणि आता रेघच कुणी मानायला तयार नव्हतं. तरी जेवणाची वेळ झालेली, पाहुणा दारात आलेला. चौघं सवयीने कामाला लागले. लायमनने आपल्या तोंडावर मक्याच्या भाकऱ्या टाकल्या, ओबेडने मांस आणि टोराने कॉफी; हायरमचा घेवडा सकाळपासूनच चढलेला होता. कॉफीचा पहिला पेला तिने साहेबांना दिला. साहेबांनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा असा झाला, की टोपी काढून कुणाला तरी श्रद्धांजली वाहावी.

"बाई, ही तापलीच नाही," ते म्हणाले, आणि सहज, घरच्यासारखं, किटली उचलून लायमनच्या झाकणावर ठेवायला गेले.

"नका!"

चौघं एकदम ओरडले. लायमनच्या हातातली भाकरी उडाली. हायरमने साहेबांचं मनगट धरलं आणि ओबेडने किटली. टोरा दोन्ही हात पसरून रेघेवर उभी होती.

मग हायरमने मान वळवली आणि सरळ ओबेडकडे बघून म्हणाला, "मी आधी ओरडलो."

"तू? अरे जा! मी तोंड उघडलं तेव्हा तू घेवडा चघळत होतास."

"मी आधी!"

"तू कधी कशात आधी होतास? खेचरसुद्धा—"

"खेचराचं नाव काढू नकोस!"

त्यांच्या अबोल्याची अशी समाप्ती झाली. साहेबांना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी टोराला विचारलं, "एवढं काय झालं? किटली सरकवली फक्त."

"ती लायमनची जमीन आहे, साहेब. माझी इथे संपते."

"आणि इतकी वर्षं तुम्ही रोज ही असली कॉफी पिताय?"

"शेवटी शपथ घ्यायची आहे ना," टोरा म्हणाली.

साहेबांनी किटली परत तिच्या झाकणावर ठेवली, बरोबर मधोमध. माझ्या पायांनी भुईत पाडलेले खळगे पाहिले, चुन्याच्या रेघा पाहिल्या. मग ते मेजरकडे वळले. "मेजर, खोटं बोलणारा माणूस कॉफी गरम पितो."

मेजरने काही बोलायला तोंड उघडलं. "हवी तर तुम्हीही घ्या पेलाभर," साहेब म्हणाले, तसं त्याने ते मिटलं.

जाताना साहेबांनी ठरवून टाकलं, की चार जमिनींचा कोपरा म्हणजे या चुलीचा मध्य. आणि बजावलं, "आता हिला तसूभर हलवाल, तर सरकारी खुंटी हलवल्याचा गुन्हा लागेल." म्हणजे पाच वर्षं लोकांनी चूल म्हणून वापरलं आणि एका जेवणात मी खुंटी झाले.

वर्षं भरली. टोराने बायबलवर हात ठेवला. हात थरथरला नाही, असं ऐकते. त्याच दिवशी त्याच गावात तिचं आणि लायमनचं लग्न झालं. झऱ्याकाठी त्यांनी चांगलं घर बांधलं, नवी चूल आणली. तिची चारही तोंडं तापतात म्हणे. माझ्याभोवतीच्या घराचे करवतीने चार वाटे झाले, छपरासकट. हायरम आणि ओबेडने आपापला तुकडा जोडून एकच घर केलं आणि आधी कोण ओरडलं यावर त्यात शेवटपर्यंत सुखाने भांडले. मी राहिले इथेच, उघड्यावर. मला हलवणार कोण?

पण ती चौघं मला विसरली नाहीत. साहेब जेवायला आले होते, त्या तारखेला दरवर्षी चार बाजूंनी चौघं येत, गवताचे वेढे पेटवत आणि आपापल्या तोंडावर आपापलं शिजवत. आकाशाखाली, भिंतीही नसताना, टोपी काढून "येऊ का?" म्हणत.

"टोरा, आता लग्न झालंय आपलं," लायमन दरवर्षी म्हणे. "आता तरी ठेव माझ्या झाकणावर."

"घरी ठेवते ना," टोरा म्हणे. "इथला कोपरा सरकारी आहे." आणि कोमट कॉफी पिई. लायमन हसून हसून खाकरे.

मग ओबेड यायचा थांबला. त्याच्यामागून लगेच हायरम. भांडायला कुणी नाही म्हणून असेल. मग दोघंच येत. आणि एका वर्षी टोरा एकटीच आली, काठी टेकत, काळे कपडे घालून.

तिने वाकून गवत पिळलं, मला पेटवलं, किटली आपल्या झाकणावर ठेवली आणि स्टुलावर बसली. शेजारचं लायमनचं झाकण रिकामंच तापत होतं. मग ती उठली. पदरासारखं एप्रनचं टोक हाताला गुंडाळून तिने किटली उचलली, रेघ जिथे होती तिथे क्षणभर धरली, आणि म्हणाली, "येऊ का रे?"

आणि लायमनच्या झाकणावर ठेवली.

माझ्यात होता नव्हता तेवढा जाळ मी त्या तोंडाखाली ओढला. कॉफी उकळली, उतू गेली, माझ्या अंगावर सांडली. टोराने घाईने घोट घेतला आणि तोंडावर हात धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"भाजलं," ती म्हणाली. "लायमन, जीभ भाजली रे माझी."

त्यानंतर मी पेटले नाही. भट्टीत पाखरांनी घरटं केलंय आणि बिननाकाच्या देवदूतावर गंज चढलाय. तरी वाटसरूंनो, मला भंगारात नेऊ नका. मी हलले तर चार शेतं हलतील आणि पुन्हा कुणीतरी मेजर उगवेल. पण थंडीचे दिवस असले आणि जवळ किटली असली तर थोडं थांबा. गवत हवं तेवढं आहे. पाखरं उडून गेली असली तर मला एकदा पेटवा, आणि कॉफी डावीकडच्या झाकणावर ठेवा. मालकीणबाईंची आता हरकत नसावी.